अकरा लाखांची सून

मूल्यांकनाचा अहवाल सगळ्यांना एकदमच वाचून दाखवायचा, असं तृप्तीने ठरवलं होतं. ही तिची चूक झाली. डेर्ल्यांच्या घरात वाईट बातमी एकेकाला स्वयंपाकघरात गाठून सांगायची पद्धत होती. त्यामुळे आपल्यालाच आधी कळलं असं प्रत्येकाला वाटे, आणि त्या समाधानात बातमीचं निम्मं वाईटपण विरून जाई. पण तृप्ती बी.कॉम. होती. लग्नाला इतकी वर्षं होऊनही सभेचा विषय सभेत मांडावा असं तिला वाटे.

द्राक्षांचा हंगाम संपला होता, म्हणजे तिच्या दिराला, दिनेशला वेळ होता. दिनेशला वेळ असणं हे बहिरू डेर्ले चित्रसंग्रहालयावर दरवर्षी एप्रिलमध्ये येणारं संकट होतं. तिचे चित्रकार सासरे अण्णा, म्हणजे स्वतः बहिरू डेर्ले, गेल्यावर ट्रस्टमध्ये चौघं उरले होते: अध्यक्ष दिनेश, त्याची बायको आणि कोषाध्यक्ष उज्वला, धाकटा संतोष, आणि आई भागुबाई. संतोषची बायको तृप्ती विश्वस्त नव्हती. ती व्यवस्थापक होती, म्हणजे बाकीचं सगळं ती करत होती. वीजबिल, लेखापरीक्षक, धर्मादाय कार्यालय, शाळांच्या सहली, आणि वाइनरी शोधत गंगापूर रोडवरून चुकून आत शिरलेले मुंबईचे पर्यटक, ज्यांना तिकीट काढल्याशिवाय ती परत जाऊ देत नसे.

"‘उभी स्त्री, गुलाबी शालू’," तृप्तीने वाचलं. "तैलरंग, सहा फूट बाय चार. चाळीस हजार."

उज्वला खुर्चीत पुढे सरकली. ती उभी स्त्री म्हणजे तीच होती.

"पुढं वाच ना. चाळीसच्या पुढं काहीतरी असेल."

"पुढे ‘फक्त’ आहे, ताई."

संतोषला खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

"‘फवारणी’. पस्तीस हजार."

"मी?" दिनेश म्हणाला. "पस्तीस?"

"‘पाठमोरी’. नव्वद हजार. हे आईंचं. ‘शेळी’ पन्नास."

"शेळी पन्नास?" दिनेशचा आवाज चढला. "मी पस्तीस अन् शेळी पन्नास?"

"‘दुपार’. तीन लाख."

‘दुपार’मध्ये संतोष ओट्यावर खाटेत झोपला होता. कार्यालयाबाहेर रखवालदार कुणाला तरी सांगत होता, वाइन इथं नाही, पुढं, धरणाकडं.

"तीन दिवस उन्हात उभा होतो मी," दिनेश म्हणाला. "पाठीवर पंप. भरलेला पंप! रिकामा चालत नाही म्हणाले, खांदा वाकला पाहिजे. अन् हा झोपला होता. ह्याला माहीतसुद्धा नव्हतं अण्णा चित्र काढतायत ते!"

"म्हणूनच हललो नाही, दादा."

"राहिलं का अजून एखादं?" उज्वलाने विचारलं. एक राहिलंय हे तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

तृप्तीने शेवटची ओळ, स्वतःच्याच चित्राची, भरभर वाचली, जणू वेगाने वाचल्यास शून्यं कमी होतील. "‘सून’. दीड फूट बाय सव्वा. अकरा लाख."

*

दिनेशने आजवर ज्या ज्या गोष्टींच्या वाटण्या केल्या होत्या त्या समान केल्या होत्या, याचा त्याला अभिमान होता. निफाडच्या रानाची वाटणी त्यानेच केली होती. काळी जमीन, मुरमाड जमीन, विहिरीकडची, ओढ्याकडची, प्रत्येकातला एकेक पट्टा प्रत्येकाला. कुणाची तक्रार राहिली नाही. पट्टे इतके अरुंद झाले की ट्रॅक्टर वळवायला शेजाऱ्याच्या बांधापलीकडे जावं लागे, पण शेजारी चांगला होता.

"सोपं आहे," तो म्हणाला. "सगळ्या चित्रांची बेरीज करा. चित्रं किती आहेत त्यानं भागा. प्रत्येकाला सारखी किंमत. झाला ठराव."

"शेळीला पण?" संतोषने विचारलं.

"शेळी अण्णांनीच काढलीय ना? मग तिला पण."

"भाऊ, तसं नाही करता येत," तृप्ती म्हणाली. "ही सरकारमान्य माणसाने ठरवलेली किंमत आहे. चित्राची किंमत जमिनीसारखी नसते."

"मग कशासारखी असते?"

याचं उत्तर मूल्यांकन करणाऱ्या गृहस्थांकडेही नसावं. ते मुंबईहून येऊन दोन दिवस प्रत्येक चित्रासमोर मागे हात बांधून उभे राहिले होते, आणि मधूनमधून ‘हं’ म्हणाले होते. ‘हं’चा दर निराळा लावला होता.

"माणूस आला तेव्हा चहापाणी कुणी बघितलं?" उज्वलाने सहज विचारावं तसं विचारलं.

"मी, ताई."

"हां. नाही, सहज."

"वहिनी, काय म्हणायचंय तुम्हाला?" संतोष म्हणाला.

"मी कुठं काय म्हणतेय, संतोषभाऊ? चांगलं चहापाणी केलं असेल. तिच्या हाताला चव आहेच. अकरा लाखांची."

भागुबाई पदराने चष्मा पुसत बसली होती. तिने अजून एकही शब्द उच्चारला नव्हता, आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

तृप्तीने अहवाल मिटला. "दिल्लीच्या संग्रहालयाचं पत्र आलंय ते तुम्हाला मागच्या सभेत सांगितलं होतं. त्यांना ‘सून’ सहा महिने प्रदर्शनासाठी हवंय. त्याबद्दल ते जी रक्कम देतायत त्यात दोन्ही दालनांत हवा कोरडी ठेवायची यंत्रं बसतात. मागच्या पावसाळ्यात पाच चित्रांना बुरशी आली. ताई, तुमच्या शालूच्या निऱ्यांना आलीय. अजून दोन पावसाळे गेले तर निऱ्या राहणार नाहीत."

"माझी बुरशी माझी मी बघेन."

"त्यांची अट एकच आहे. हे मूल्यांकन ट्रस्टने आहे तसं मंजूर केलं पाहिजे. उद्या त्यांना ठराव पाठवायचाय. आपण सगळ्यांना सारखी किंमत लावली, तर ते म्हणतील ह्या लोकांना आपल्या चित्रांचंच काही कळत नाही. ते चित्र नेणार नाहीत."

"नको नेऊ देत," उज्वला म्हणाली. "मी म्हणते, एका सुनेला दिल्लीला पाठवायचं अन् दुसरीनं इथं बुरशी खात उभं राहायचं, ही कुठली पद्धत?"

*

आणखी एक गोष्ट तृप्तीने अगदी शेवटी सांगायची ठरवली होती. संतोषने ती आता सांगून टाकली. वातावरण हलकं करायचा संतोषचा हा प्रयत्न होता. संतोषच्या अशा प्रयत्नांवर खरं तर एक वेगळं दालन काढता आलं असतं.

"आणि चित्रासोबत आपल्यातलं एक माणूस जातं, दादा. विमानानं. राहायची सोय त्यांचीच."

दिनेशने मान वर केली. "कशाला?"

"पेटी उघडताना हजर राहायचं," तृप्ती नाइलाजाने म्हणाली. "चित्र जसं इथून निघालं तसंच पोचलं का ते तपासायचं आणि सही करायची. सगळीकडे तशी पद्धत आहे."

"पाठराखीण," भागुबाई म्हणाली.

"काय, आई?"

"नवरी सासरी जाती तवा संगं कोन जातं? पाठराखीण. एकलीला कसं धाडायचं?"

हा शब्द निघाला आणि करारातलं कलम सगळ्यांना एकदम समजलं. तृप्ती गेला महिनाभर ते इंग्रजीतून समजावायचा विचार करत होती.

"मग तो मान थोरलीचा," दिनेश म्हणाला. चित्र पाठवायचंच नाही असं त्याच्या बायकोने म्हणून पाच मिनिटंही झाली नव्हती.

"व्यवस्थापक तृप्ती आहे, दादा."

"आहे ना. पण चित्रात कोण आहे? तृप्तीच. नवरी स्वतःच स्वतःची पाठराखीण कशी होईल? लोक काय म्हणतील दिल्लीत?"

"दिल्लीत कोण ओळखतंय तिला?"

"चित्र बघून ओळखतील की!"

"चित्र जाणारच नाहीये, मग भांडता कशाला?" उज्वला म्हणाली आणि पर्स उघडून आत काहीच न शोधता बंद केली. "ठराव मांडा. सारखी किंमत. मी अनुमोदन देते."

तृप्ती समोरच्या कागदांकडे बघत राहिली. चौघांची मतं. दिनेश आणि उज्वला एका बाजूला, संतोष आणि, झालंच तर, आई दुसऱ्या बाजूला. समसमान झालं की अध्यक्षांचं निर्णायक मत. अण्णांनी घटनेत ही तरतूद भांडण टाळण्यासाठी घातली होती. तिने ही संधी आणण्यासाठी पत्रं लिहिली होती, फोटो पाठवले होते, दिल्लीच्या बाईंशी फोनवर हिंदीत, इंग्रजीत आणि एकदा रेंज गेल्यावर नुसतं ‘हॅलो हॅलो’ करत बोलली होती. प्रत्येक टपालखर्चाच्या चेकवर कोषाध्यक्षांची सही लागे, आणि सही उज्वलाच्या घरी चहा घेतल्याशिवाय मिळत नसे. वीजबिलाला एक कप, लेखापरीक्षकाच्या फीला दोन आणि नवे पडदे बघणं. इतक्या वर्षांत त्या घरातला सोफा तिने तीनदा बदललेला पाहिला होता. आणि हे सगळं झाल्यावर एक दिवस आपण विमानात बसू, दिल्लीत कुणीतरी ‘आइए मॅडम’ म्हणेल, आणि पेटी उघडताना आपण म्हणू, थोडं सावकाश, एवढंच तिला हवं होतं. म्हणजे यंत्रंही हवी होती. पण यंत्रं संग्रहालयाला. हे तिला.

*

भागुबाईला सगळ्यांचा राग कळत होता, कारण तिला स्वतःलाही आला होता. नवऱ्याने जन्मभर तिची पाठ काढली आणि सुनेचा चेहरा काढला, तो अकरा लाखांचा निघाला. पाठ काढत होता तेव्हा तिला कळलं होतं. वळून बघावंसं वाटलं होतं, पण तव्यावर भाकरी होती. आता इथे बसून कुणाला सांगणार, की मी वळले असते तर काय किंमत आली असती?

पण बुरशीचं ऐकल्यापासून ती वेगळा विचार करत होती. माणूस गेला तो गेला. त्याने केलेलं काम भिंतीवर हिरवं पडत असताना आपली लेकरं कुणाचं चित्र किती किमतीचं यावर भांडतायत. तिने एकेकाचा चेहरा बघितला. दिनेशचा उपयोग नव्हता. तो चुकतोय हे कळल्यावर तर तो आणखीच ठाम होई. राहिली थोरली. थोरलीला काय हवं असतं हे भागुबाईला थोरलीच्याही आधीपासून ठाऊक होतं.

"त्या मानसानं अकरा लाख कशापायी लावले?" तिने विचारलं. "काय लिवलंय का?"

तृप्ती घुटमळली. "लिहिलंय, आई. चेहऱ्यासाठी."

"वाच की मग."

"‘चेहऱ्यावर हेवा आहे. एवढा उघडा आणि एवढा खरा हेवा फार क्वचित रंगवला गेला आहे.’"

"हेवा?" दिनेश म्हणाला. "कुणाचा हेवा?"

"आता कुनाचा," भागुबाई चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाली. "त्या दिवशी थोरलीनं नव्या पाटल्या नाय का घातल्या? दिवाळीच्या. ही पडवीत बसल्याली. थोरली समोरून आली, हात हलवत. ही नुसती बघतच राहिली. अन् ह्यांनी तेवढंच धरलं."

उज्वला तृप्तीकडे वळली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

"खरं का गं?"

*

त्या दिवशी तृप्तीची दाढ दुखत होती.

हे तिला लख्ख आठवत होतं, कारण तसं दुखणं पुन्हा कधी आलं नाही. डावीकडची खालची दाढ. नवी सून म्हणून कुणाला सांगायची चोरी. अण्णा म्हणाले, अशीच बस, आणि ती बसली, कारण उठलं तर ठणका वाढत होता. दाढेखाली लवंग होती. ती लवंग आईंनीच दिली होती, स्वतःच्या हाताने, आणि वर म्हणाल्या होत्या, दाब चांगली.

तृप्तीने सासूकडे पाहिलं. भागुबाई खिडकीबाहेर रखवालदाराकडे बघत होती. फार आवडीने बघत होती.

दाढ म्हणून सांगितलं असतं तर खरं ठरलं असतं. बारा वाजेपर्यंत ठरावही झाला असता, शेळीसह सगळ्यांना सारखी किंमत, आणि जूनमध्ये बुरशी निऱ्यांवरून पदराकडे चढली असती.

"हो, ताई," ती म्हणाली. "पाटल्यांकडेच बघत होते."

"म्हणजे... तेव्हा तुला...?"

"खूप. रात्री झोप आली नव्हती."

एवढं म्हणायची गरज नव्हती, पण खर्च करायचाच तर हात आखडता कशाला घ्यायचा.

उज्वलाने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. आज हातात पाटल्या नव्हत्या, त्या बँकेत होत्या. ही इंग्रजी येणारी, कोणत्याही अर्जात काय लिहायचं ते विचारावं न लागणारी जाऊ घरात आल्यापासून उज्वलाला वाटत आलं होतं की ही आपल्याकडे बघते ती कीव केल्यासारखी. त्यासाठी तिने सोफे बदलले होते. त्यासाठी चेकबुक घेऊन तिला घरी यायला लावलं होतं. आणि ही मुलगी पडवीत बसून आपल्या हातांकडे बघत होती! मुंबईच्या माणसाला ते कळलं, दिल्लीला कळलं, आपल्यालाच कुणी सांगितलं नाही.

"आधी नाही का सांगायचंस," ती म्हणाली. तिचे डोळे खरोखर भरून आले होते. "वेडी. दिल्या असत्या की घालायला एखाद दिवस."

"उज्वला, ठराव..." दिनेश म्हणाला.

"कसला ठराव? शेळीला अन् त्या चित्राला सारखी किंमत? अहो, जरा तरी विचार करा. हेवा आहे तो! क्वचित असतो म्हणे." तिने डोळे टिपले. "अकरा लाख कमीच लावलेत. पण आता लिहिलंय तर असू दे. मूल्यांकन आहे तसं मंजूर. मी सूचक."

"अनुमोदन," भागुबाई म्हणाली, इतक्या झटकन की तिच्या वयाला ते शोभलं नाही.

संतोषने हात वर केला. दिनेशने तिघांकडे पाहिलं. तो ज्या बाजूला होता ती बाजूच उठून गेली होती.

"माझा विरोध नोंदवा," तो म्हणाला. "पस्तीस हजारांच्या मुद्द्यावर."

"नोंदवते, भाऊ."

"आणि सोबत मी जाणार," उज्वला म्हणाली.

तृप्तीचा पेन थांबला.

"नाही, तूच सांग. ते चित्र कुणामुळं आहे? मी पडवीतून गेलेच नसते तर अण्णांनी काय काढलं असतं?"

"वहिनी, पण तपासणी, सही, तिथल्या लोकांशी बोलणं..." संतोष म्हणाला. "तृप्तीनं सगळं..."

"मला काय सही येत नाही? इतकी वर्षं सगळ्या सह्या मीच करतेय."

हे खरं होतं. तृप्तीने सासूकडे पाहिलं. या वेळी भागुबाईने नजर चुकवली नाही. तिच्या चेहऱ्यावर दिलगिरी होती, आणि दिलगिरीखाली, नीट बघितलं तर, किंचित बरं वाटल्याचंही काहीतरी होतं. अकरा लाखांच्या सुनेलाही कधीकधी पाठ करून बसावं लागतं, असं काहीसं.

"जाऊ द्या त्यांना," तृप्ती म्हणाली आणि फॉर्ममध्ये लिहिलं: उज्वला दिनेश डेर्ले, कोषाध्यक्ष.

*

दुपारी दोघी आतल्या दालनात गेल्या. जाणाऱ्याला तपासणी शिकवायला हवी होती. दिनेश आणि संतोष बाहेर गाडीशी उभे राहून या वर्षीच्या एक्स्पोर्टबद्दल बोलत होते, म्हणजे भांडण मिटलं होतं.

‘सून’ कोपऱ्यात होतं. आजवर उज्वला त्याच्यासमोर थांबली नव्हती. आपल्या सहा फुटांसमोर थांबून झालं की ती सरळ दारातून बाहेर पडे.

"आधी चारही कोपरे बघायचे," तृप्तीने बॅटरी तिच्या हातात दिली. "उजेड असा तिरका धरायचा, म्हणजे रंगाला भेग असली तर दिसते. मग कडा. मग चेहरा. इथे, गालाजवळ, एक जुनी बारीक रेघ आहे. ती आहे तेवढीच असली पाहिजे. वाढलेली दिसली तर सही करायची नाही. पेटी उघडताना त्यांनी घाई केली तर म्हणायचं, थोडं सावकाश."

"थोडं सावकाश," उज्वलाने म्हणून पाहिलं. तिला ते शोभलं. "हिंदीत काय म्हणू?"

"धीरे से."

"धीरे से." उज्वलाने बॅटरी तिरकी धरली. तिरक्या उजेडात चित्रातली मुलगी डावा गाल किंचित आत ओढून समोर बघत होती, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी येईल न येईल असं. उज्वला बराच वेळ बघत राहिली. जवळ गेली, मागे आली. मुंबईच्या माणसासारखी ‘हं’ म्हणाली.

"काय बघतेस गं माझ्याकडं," ती चित्राला हळूच म्हणाली.

मग ती वळली. नव्या नात्याच्या भरात तिने धाकट्या जावेचा हात हातात घेतला. विमानात खिडकी मागता येते का, तिकडे थंडी असते का, कुठली साडी नेऊ, तुझी ती निळी देशील का, असं बरंच काही तिने विचारलं. तृप्तीने सगळ्याची उत्तरं दिली. निळी साडी द्यायचंही कबूल केलं.

"खरं सांग," उज्वला लाडात येऊन म्हणाली, "अजूनही बघतेस का गं माझ्याकडं तशी?"

तृप्तीने तिच्या हातातली बॅटरी घेतली आणि बंद केली.

"आजपासून, ताई," ती म्हणाली.